पदराचं तिसरं वळण

ऑक्टोबर लागला की मी गाडीची डिकी साफ करायला घेते आणि दरवर्षी ते काम अर्धवट राहतं. आतून एकच डावा हातमोजा निघतो, त्याचा एक किस्सा. चेपलेला स्टीलचा डबा निघतो, तो कुणाच्या खाली चेपला याचा दुसरा. मग मी डिकीतच पाय खाली सोडून बसते आणि शर्वरीला फोन लावते, “हा डबा कुठल्या वर्षीचा गं?” तासभर जातो. डिकी तशीच! आता इतके साठलेत की झाकण लागत नाही, म्हणून थोडे इथे काढून ठेवते.

आम्ही चौघं. मी मनीषा, मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्नमध्ये फार्मसिस्ट. गिरीश मेलबर्नच्याच टार्निटचा, स्टुडंट म्हणून आला, कायम राहायचा पीआर मिळाला, आता एका वेअरहाऊसचा मॅनेजर आहे. शर्वरी रेल्वेच्या सिग्नलिंगमध्ये इंजिनियर. आणि नंदूदादा, मूळचा पुण्याचा, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ डॉक्टर, आमच्याहून वीस वर्षांनी मोठा. पहिल्या वर्षी आम्ही त्याला “डॉक्टर, तुम्ही” म्हणायचो. एका तंबूत, ओल्या मोज्यांच्या वासात दोन रात्री काढल्यावर तो “नंदूदादा, तू” झाला.

हिवाळ्यात आम्ही पाच तास गाडी हाकून डोंगरात जातो आणि जिथे लिफ्ट नाहीत, माणसं नाहीत, तिथे स्कीइंग करतो. म्हणजे स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून तीन तास चढायचं आणि दहा मिनिटांत उतरायचं. ऑस्ट्रेलियात बर्फ पडतो हेच पुण्यातल्या माझ्या आत्याला अजून पटलेलं नाही. तो डोंगरावरून सुटून माणसाला गाडूही शकतो, हे मी तिला सांगितलेलंच नाही.

आता पदराबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. पठाराच्या टोकाला एक धार आहे. त्या धारेवरून एक लांब, पांढरी घळ खाली स्नो गमच्या झाडांपर्यंत उतरते. लांबून पाहिलं तर खांद्यावरून कुणी पदर सोडल्यासारखी दिसते, म्हणून आम्ही तिला पदर म्हणतो. नकाशावर तिला नाव नाही. नंदूदादाने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो म्हणाला, “ही मला एकदा उतरायची आहे. एकदाच.” त्याला आता अकरा वर्षं झाली.

पण पदराचं तोंड आग्नेयेला. आपल्याकडून येणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण इथे दक्षिणेकडची बाजू सावलीत राहते. पश्चिमेचा वारा पठारावरचा सगळा बर्फ उचलून तिच्यावरच आणून टाकतो, आणि धारेवर बर्फाचा छज्जा बांधतो, तो हवेत पुढे आलेला असतो. दिसायला इतकं शांत की तिथे जाऊन झोपावंसं वाटतं. आणि तेवढंच बेभरवशाचं.

*

बर्फ कसा ओळखायचा हे आम्हाला एका कोर्सात ग्लेनने शिकवलं. ग्लेन म्हणजे सत्तरीचा, दाढीवाला, दिवसाला चाळीस शब्द बोलणारा ऑस्ट्रेलियन. उतारावर छातीएवढा खड्डा खणायचा, भिंतीतून बर्फाचा एक चौकोनी खांब सुटा करायचा, वर फावडं ठेवायचं आणि त्यावर थापा मारायच्या. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. कितव्या थापेला खांब मोडतो त्यावरून आतले थर एकमेकांना किती धरून आहेत ते कळतं.

गिरीशने थापा मारायला घेतल्या. उन्हं कोवळी होती, वारा पडलेला होता, आणि फावड्याचा आवाज छान घुमत होता. चौथ्या-पाचव्या थापेला त्याचा हात आपोआप गणपतीच्या आरतीच्या ठेक्यात गेला. शर्वरीने नकळत टाळ्या धरल्या. मी गुणगुणायला लागले. नंदूदादाने तर डोळेच मिटले! आम्ही चौघं त्या पांढऱ्या खड्ड्यात उभे, अगदी रंगात आलेले, आणि खांब सपकन मोडून गिरीशच्या बुटावर पडला.

ग्लेन वरून वाकून म्हणाला, “व्हॉट नंबर?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणीच मोजलं नव्हतं.

गिरीश म्हणाला, “सेकंड व्हर्स, मेट!”

ग्लेनने ते वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून खड्ड्यात गुणगुणायला बंदी आहे आणि मोजायचं काम शर्वरीकडे आहे.

*

त्याच कोर्सात ग्लेनने एक नियम दिला. उतारावर जायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं, सगळ्यात लहान असेल त्याला आधी. एकाने जरी “नाही” म्हटलं तर कुणीच जायचं नाही.

“आणि कारण?” गिरीशने विचारलं.

ग्लेनच्या आधी शर्वरीच म्हणाली, “सिग्नल लाल असला की ड्रायव्हर थांबतो. कारण विचारत बसत नाही.”

मग आम्ही तो नियम आमच्या परीने घट्ट केला. कारण विचारायचं नाही. गाडीतही नाही, जेवतानाही नाही, पुढच्या वर्षीही नाही. वहीत फक्त “नाही” लिहायचं. कुणी म्हटलं तेही लिहायचं नाही.

*

ही वही म्हणजे आमची खड्ड्याची वही. प्रत्येक खड्ड्यातले थर त्यात लिहिलेले असतात. इंग्रजी शब्द बोटं गोठली की आठवत नाहीत, म्हणून आम्ही स्वयंपाकघर वापरतो. वरचा भुरभुरीत बर्फ म्हणजे पिठीसाखर. ऊन खाऊन गोठलेला थर म्हणजे पापुद्रा. तळातला सुटा, खडबडीत बर्फ म्हणजे जाडा रवा. आणि कधी कधी आकाशातून पांढरे, गोल, हलके दाणे पडतात, तो साबुदाणा. हा सगळ्यात वाईट, कारण त्याच्यावर नवा बर्फ साचला की खाली दाण्यांवरून अख्खा थर घसरू शकतो.

एका ऑगस्टमध्ये पदराजवळ तेच झालं होतं. वर वाऱ्याने थापलेला जाड थर आणि खाली तीन बोटं साबुदाणा. शर्वरीने चार मोजले आणि खांब गेला. अर्थात, नाही. नंदूदादा पदराकडे बघत परतीच्या चढासाठी पट्ट्या चिकटवायला लागला, आणि गिरीशने इतर लोकांना कळावं म्हणून एका वेबसाइटवर रिपोर्ट टाकला. घाईत त्याने वहीतलंच टाइप केलं.

पुढच्या शनिवारी पार्किंगमध्ये दोन अनोळखी ऑस्ट्रेलियन पोरांनी आम्हाला थांबवलं. अगदी काळजीने म्हणाले, “केअरफुल, गाईज. देअर्ज दॅट साबुडाना लेयर ऑन द साउथ-ईस्ट साइड.”

गिरीशच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो म्हणाला, “थँक्स, मेट. वी विल बी व्हेरी केअरफुल.”

त्यातल्या एकाने जाता जाता विचारलं, “इट्स जॅपनीज, राइट?”

“येस,” नंदूदादा गंभीरपणे म्हणाला, “व्हेरी ओल्ड जॅपनीज.”

*

बर्फाखाली कुणी गाडलं गेलं तर शोधायला हाताशी मोजकीच मिनिटं असतात. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर बीकन असतो. तो सिग्नल सोडतो आणि बाकीच्यांच्या बीकनवर अंतराचा आकडा दिसतो. याची सवय ठेवावी लागते. बर्फ नसला तरी ठेवावी लागते. त्यामुळे फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, टार्निटच्या एका पार्कात आम्ही एक बीकन डब्यात घालून खेळाच्या वाळूत पुरला आणि चौघं वाकून, यंत्रं जमिनीला टेकवत फिरायला लागलो.

बाकावर एक पंजाबी अंकल बसले होते. दहा मिनिटांनी त्यांना राहवेना.

“बेटा, क्या खो गया?”

“आदमी, अंकल,” गिरीश घाम पुसत म्हणाला. “बर्फ के नीचे आदमी ढूँढ रहे हैं.”

अंकलनी वर सूर्याकडे पाहिलं. खाली पिवळ्या पडलेल्या गवताकडे पाहिलं. झोपाळ्यावर गिरीशची मुलगी बसली होती, तिला विचारलं, “ये सच बोल रहा है?”

ती म्हणाली, “दे डू धिस एव्हरी यिअर.”

अंकल उठले आणि आमच्याबरोबर शोधायला लागले. अजूनही कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना गिरीश दिसला की ते रस्त्यापलीकडून हात करून विचारतात, “मिला, बेटा?”

*

एकदा पठारावर धुकं उतरलं. जमीन पांढरी, आकाश पांढरं, मध्ये काहीच नाही. आपण उभे आहोत की सरकतोय हेही कळत नाही. स्वतःचा आवाजसुद्धा दुसऱ्या कुणाचा वाटतो. मला त्या पांढऱ्यात फार बरं वाटतं, हे मी कुणाला सांगत नाही, कारण तेव्हा बरं वाटून चालत नाही.

एरवी आम्ही जीपीएसवर वाट शोधतो, पण त्या दिवशी गारठ्याने त्याची बॅटरी गेली होती. तेवढ्यात शर्वरीला स्कीच्या खुणा दिसल्या. ताज्या होत्या. “कुणीतरी पुढे गेलंय. यांच्या मागून जाऊ.” आम्ही तासभर त्या खुणांवरून चाललो. मग बर्फात एक मोठा खड्डा लागला. कुणीतरी बसल्या जागी आपटलं होतं.

गिरीश वाकला, निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाला, “ही बैठक माझी आहे.”

खरंच, तासाभरापूर्वी तो तिथेच पडला होता! आम्ही आमच्याच मागून चाललो होतो.

शर्वरी म्हणाली, “सर्क्युलर लाइन.” आणि बॅग टाकून खाली बसली.

मग धुकं उठेपर्यंत आम्ही एका स्नो गमला टेकून बसून राहिलो. झाडाच्या फांद्यांवर बर्फाचे काटे आले होते. तेव्हा नंदूदादाने त्याचं स्वप्न सांगितलं. त्याला पदराचं स्वप्न पडतं. धारेवरून तो निघतो, पहिलं वळण डावीकडे, दुसरं उजवीकडे, बर्फाचा अजिबात आवाज नाही. तिसरं वळण घेतलं की जाग येते. इतक्या वर्षांत त्याच्या पुढे तो कधीच गेला नाही.

“सुनंदाच्या लक्षात आलंय,” तो म्हणाला. सुनंदावहिनी म्हणजे त्याची बायको. “झोपेत माझे गुडघे हलतात म्हणे. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. तिसऱ्याला मी उठून बसतो. ती म्हणते, एक तर पुढे जा, नाहीतर दुसऱ्या खोलीत झोप!”

आम्ही हसलो. तेवढ्यात धुकं सरकलं आणि समोर, अगदी हाताच्या अंतरावर वाटावा असा, पदर उभा होता. कुठेतरी करावाँग पक्षी ओरडला. नंदूदादा पदराकडे बघत होता आणि आम्ही नंदूदादाकडे बघत होतो.

*

आता हा किस्सा हसायचा नाही. पण डिकीतून तोही निघतो.

तीन वर्षांपूर्वी पदर तयार होता. खांब तिसाव्या थापेलाही मोडला नाही. गिरीश हो म्हणाला, शर्वरी हो म्हणाली. मग माझी पाळी आली आणि मी म्हटलं, “नाही.”

बर्फ चांगला होता. मी घाबरले होते. एवढंच. धारेवरून खाली पाहिलं आणि मागे आले. त्या दिवशी वारा नव्हता, ढग नव्हते, बोट दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

नंदूदादाने ताबडतोब बॅग उचलली. दुसऱ्या दिवशी आम्ही समोरच्या टेकाडावर होतो तेव्हा दोन अनोळखी मुली पदर उतरल्या. ओरडत, हसत, एकामागून एक. खालच्या झाडांपर्यंत. आम्ही चौघांनी ते पाहिलं. नंदूदादाने थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला आणि विचारलं, “आलं जास्त झालंय का गं?”

त्याने मला कधीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तीन वर्षं वाटत होतं.

*

मधली दोन वर्षं वाऱ्याने घालवली. तेवढ्यात नंदूदादाचा उजवा गुडघा गेला. त्याच्याच हॉस्पिटलमधला सर्जन मित्र फोटो बघून म्हणाला, “बदलायचा. आणि मग कडेकपारीतलं स्कीइंग बंद. सपाटीवर चाल हवं तेवढं.”

नंदूदादा म्हणाला, “सप्टेंबरनंतर.”

“का? सप्टेंबरमध्ये काय आहे?”

“शेवटचा बर्फ.”

सर्जनने कपाळाला हात लावला. म्हणाला, “तुला टेबलावर घेतलं की तू माझ्या भूलतज्ज्ञाला शिकवत बसशील, ते वेगळंच.”

“नाही शिकवणार,” नंदूदादा म्हणाला. “फक्त उठव म्हणावं. झोपवायला कुणालाही येतं.”

*

तर हा सप्टेंबर.

आठवडाभर आकाश निरभ्र. रात्री सगळं कडक गोठायचं, दिवसा थोडं मऊ व्हायचं, परत गोठायचं. असं झालं की थर एकमेकांना घट्ट धरतात. वारा नावाला नव्हता. धारेवरचा छज्जा पंधरा दिवसांपूर्वीच आपणहून पडून गेला होता, त्याची ढेकळं खाली झाडांशी पडलेली दिसत होती. असं सगळं एकत्र जमून आलेलं मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

सकाळी आम्ही पदराच्या माथ्यावर होतो. नंदूदादाच्या गुडघ्याला पट्टा, चढायला त्याला चार तास लागले होते, वाटेत तो एकदाही बसला नव्हता. गिरीशने खड्डा खणला. शर्वरीने मोजलं. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. खांब हलला नाही. गिरीशने वर आणखी पाच मारल्या. मग तो सरळ खांबावर चढून बसला!

“सोफा आहे सोफा,” तो म्हणाला.

पूर्वेचं ऊन पदरावर आलं होतं. वरचा अर्धा इंच नुकता मऊ होत होता. खाली झाडं निळसर, त्यांच्याखाली दरीत धुकं. कुणाचीही खूण नाही, अगदी पक्ष्याच्या पायाचीसुद्धा नाही.

विचारायला सुरुवात झाली.

“हो,” गिरीश.

“हो,” शर्वरी.

मी क्रेगीबर्नपासून तयारी करून आले होते. अख्ख्या हायवेवर मनातल्या मनात तेच म्हणत होते. माझं “हो!” इतक्या जोरात गेलं की दरीतून परत आलं. नंदूदादा माझ्याकडे बघून हसला. मला रडायलाच आलं.

मग त्याने हेल्मेटचा पट्टा लावला. बुटांचे चाप आवळले. धारेपर्यंत सरकला आणि स्कीची टोकं पदरावर हवेत आली तसा थांबला. तो किती वेळ तिथे उभा होता ते मला सांगता येणार नाही.

“नाही,” नंदूदादा म्हणाला.

गिरीशचं तोंड उघडलं. शर्वरीने आपल्या काठीचं टोक त्याच्या बुटावर ठेवलं. त्याने तोंड मिटलं.

नंदूदादा मागे सरकला, स्की काढल्या, बॅगेवर बसला आणि वही मागितली. लिहिलं, “पदर. नाही.” मग म्हणाला, “मनीषा, चहा काढ.”

आम्ही तिथेच बसून दोन थर्मास संपवले. गिरीशच्या बायकोने दिलेल्या गूळपोळ्या खाल्ल्या. ऊन पदरावरून हळूहळू सरकत गेलं. काही कोसळलं नाही. काही तडकलं नाही. एक कणसुद्धा खाली आला नाही. नंदूदादा शेवटपर्यंत बघत होता आणि त्याचा चेहरा इतका शांत होता की मीच दुसरीकडे बघितलं.

पठाराच्या सोप्या बाजूने आम्ही उतरलो आणि दुपारी गाडीला लागलो. मी चालवत होते. नंदूदादा माझ्या शेजारी, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून. वाटेतलं वांगरट्टा गाव यायच्या आत त्याला झोप लागली. मागे शर्वरीचीही मान पडली होती. हायवे सरळ, दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, काचेतून ऊन.

गिरीश पुढे वाकून अगदी हळू म्हणाला, “मनीषा, एकदाच विचारायचं का गं त्याला?”

“नाही,” मी म्हटलं.

तेवढ्यात बर्फाची पिशवी घसरून खाली पडली. मी बघितलं. नंदूदादाचे दोन्ही गुडघे डावीकडे गेले होते. मग ते सावकाश उजवीकडे आले. मग परत डावीकडे.

तीन. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. मागून गिरीशनेही पाहिलं होतं, त्याचा हात माझ्या सीटवर आवळला.

नंदूदादाने एक मोठा श्वास घेतला. डोळे मिटलेलेच होते.

मग गुडघे उजवीकडे गेले.

“चार,” गिरीश कुजबुजला.

मी गाडीचा वेग कमी केला आणि डावीकडच्या लेनमध्ये आले. मागून येणारे ट्रक एकेक करून पुढे जात होते, आणि आम्ही दोघं मोजत होतो.